बारा बीम, अकरा आकडे

मला पगार मिळतो तो मोडण्याचा. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संरचना अभियांत्रिकी शिकवते आणि त्याच विषयात संशोधन करते, असं ओळखपत्रावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात आम्ही काँक्रीटचे बीम, म्हणजे तुळया, ओततो, महिनाभर त्यांना पाणी पाजतो, जपतो आणि मग एका अवाढव्य यंत्राखाली ठेवून मोडतो. किती वजनाला मोडला आणि मोडताना कसा वागला, हे लिहून ठेवतो. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सून इंजिनिअर आहे आमची. बांधत काही नाही."

प्रयोगशाळेत बाहेरची माणसंही येतात. ठेकेदारांचे सुपरवायझर काँक्रीटचे ठोकळे आणतात. साइटवर ओतलेल्या मालातून काढलेला नमुना म्हणून तो ठोकळा आम्ही दाबून फोडायचा आणि माल कसा आहे ते लिहून द्यायचं. काही ठोकळे इतके देखणे असतात की शंका यावी. एकाला मी विचारलं, "स्लॅबही असाच झालाय का हो?" तो म्हणाला, "मॅडम, स्लॅब राहायला आहे. ठोकळा तपासायला आहे."

सोसायट्यांचे सेक्रेटरी मोबाइलवर भेगांचे फोटो घेऊन येतात. असे एक काका केबिनच्या दारात थांबून म्हणाले, "सर कधी येतील?" म्हटलं, "मीच सर. बसा." ते अर्ध्या खुर्चीवर बसले, फोटो पुढे केला आणि विचारलं, "ही भेग पडू शकते का?"

"ती पडलेलीच आहे, काका."

भेगांना लोक घाबरतात. मी मात्र पहिल्याच तासाला मुलांना सांगत आले आहे की भेग म्हणजे नोटीस. चांगल्या बीमवर भार वाढत गेला की आतली सळई ताणते, बीम वाकतो, खालून भेगा पडतात, गिलावा सुटतो. खालच्या माणसाला वर बघायला आणि बाहेर पडायला वेळ मिळतो. कधीच मोडणार नाही असं काही आम्ही बांधत नाही. न सांगता मोडणार नाही, इतकंच बघतो. माझ्या विषयाची सगळी जाडजूड पुस्तकं पिळली तर हे एवढं निघेल.

संपादकांनी माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या गमती मागितल्या होत्या. त्या वर संपल्या. पुढचं मी बरीच वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, घरातही नाही.

जुन्या इमारतीचा बीम अशक्त झाला, किंवा त्याच्यावर पूर्वीपेक्षा जास्त भार घालायचा असला, तर त्याच्या खालच्या अंगाला कार्बन फायबरची पट्टी चिकटवतात. कापडासारखी पातळ, पण ताणाला पोलादाहून भारी. तोडफोड नाही, धूळ नाही, दोन-तीन दिवसांत काम. प्रश्न असतो तो पट्टी सुटण्याचा. पट्टी स्वतः तुटत नाही, काँक्रीटची साल घेऊन निघते. ती किती भाराला निघेल याचं सोपं सूत्र काढायचं, असा माझा प्रकल्प होता. पल्लवी माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. चंद्रपूरची, बारीक अंगाची, सिमेंटची पोती उचलायला कमी न करणारी. प्रयोगशाळा सांभाळायचे इनामदार. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. मी नोकरीला लागले तेव्हाही ते तिथे होते आणि यंत्राच्या आवाजावरून आज कुठला वर्ग चालू आहे ते सांगत.

आम्ही बारा बीम ओतले. त्यातला सातवा उचलताना साखळी घसरली आणि तो फरशीवर पडून दुभंगला. पुन्हा ओतून महिनाभर थांबायला सवड नव्हती. इनामदार म्हणाले, "मॅडम, मागच्या आवारात याच मापाचा पडलाय एक. सळईपण तीच. जुन्या बॅचच्या मुलांनी ओतलेला." कित्येक पावसाळे खाल्लेला तो बीम त्यांनी आत आणला, घासला, पुसला. त्याला बाकीच्यांसारखीच पट्टी लावली आणि त्याला सात नंबर दिला.

अकरा बीम शहाण्या मुलांसारखे वागले. वाकले, भेगाळले, कुरकुरले आणि आमच्या सूत्राच्या जवळपास मोडले. सातवा वाकलाच नाही. अपेक्षेच्या निम्म्याच्या थोड्या वरच्या भाराला फटाका फुटावा तसा एकच आवाज आला आणि पट्टी खाली लोंबायला लागली. तिच्या पाठीला बोटाच्या पेराएवढी जाड काँक्रीटची साल चिकटलेली होती. पल्लवी आकडे वाचत होती. वाचायला काही उरलं नाही म्हणून ती थांबली.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "सातवा काढून टाक. तो आपल्या बॅचचा नाही."

"पण मॅडम, पट्टी लावते कोण? जुन्याच इमारतींना लावते ना? नवीन इमारतीला कशाला लावेल कोणी?"

इतकं साधं होतं ते. माझ्या वीस पानांच्या प्रस्तावात नव्हतं, ते तिने एका श्वासात विचारलं. ज्या बीमसाठी हे सगळं संशोधन होतं, तसा आमच्याकडे तो एकच होता.

मी म्हणाले, "एका बीमवर संशोधन होत नसतं."

"मग अजून चार जुने शोधू ना. इनामदारचाचा म्हणतात, मिळतील."

"तुला यंदा प्रबंध द्यायचाय का नाही?"

इनामदार यंत्र पुसत होते, ते पुसतच राहिले.

वेगळा निघालेला आकडा वगळायची रीत आमच्यात आहे. कारण देऊन, तळटीप लिहून वगळता येतो. त्यात लबाडी नाही. तळटीपही मी लिहिली होती. मग वाटलं, परीक्षक तिथेच बोट ठेवतील, अजून प्रयोग करा म्हणतील, माझी बढती त्या वर्षी होती ती पुढे जाईल. मी टीप काढली. मग तक्त्यात सहानंतर एकदम आठ आला. ते दिसायला वाईट दिसत होतं. मी पल्लवीला बसवून पुढचे नंबर बदलायला लावले. आठचा सात, नऊचा आठ. शेवटी अकरा. वगळण्याला कदाचित मी आजही काही सबब देऊ शकेन. नंबर बदलण्याला देऊ शकत नाही.

शोधनिबंध छापून आला. पल्लवीचं नाव पहिलं, माझं दुसरं. तिला डॉक्टरेट मिळाली, नागपूरला नोकरी मिळाली, मला बढती मिळाली. सूत्र सुटसुटीत होतं, म्हणून लोकांनी वापरलं. पदव्युत्तर वर्गाला ते मी फळ्यावर मांडून दाखवत असे आणि खाली दोन रेघा मारत असे.

सहा वर्षांनी, एका सकाळी, मार्केट यार्डातल्या गुळाच्या एका गाळ्यात पोटमाळ्याचा बीम खाली आला.

मला बोलावणं आलं ते तज्ज्ञ म्हणून. कारण शोधायचं होतं, माणूस त्रयस्थ हवा होता, आणि पट्ट्यांच्या कामातलं पुण्यात माझं नाव होतं. ज्याने त्या बीमला पट्टी लावून दिली तो सचिन माझाच विद्यार्थी. त्याच्या हिशेबाच्या कागदांत माझं सूत्र असेल हे मला फोनवरच कळलं होतं. तरी मी हो म्हणाले. दुसरा कोणी गेला तर काय बघेल, हा विचार त्याच्या मागे होता. तो विचार मी तेव्हा स्वतःला नीट दिसू दिला नाही.

स्वारगेटच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी मनात कारणं जुळवत होते. जास्त भार. व्यापारी माणूस, दिली जागा की रचत जाणार. गाळ्यात गेल्यावर मी आधी वरच्या आणि पडलेल्या मिळून गुळाच्या ढेपा मोजल्या. मला त्या जास्त हव्या होत्या. मालक शेजारी उभे होते. पांढरा शर्ट, कपाळावर गंध, आवाज खाली गेलेला.

"मॅडम, मोजा बिनधास्त. तुमच्या इंजिनिअरने भिंतीवर आकडा रंगवून घेतलाय बघा, 'यापुढे ढेप चढवू नये'. त्याच्या आतच आहोत. माझा मुलगा म्हणायचा, पप्पा, थोडं चालतं. मी म्हटलं, शिकलेल्या माणसाने सांगितलंय, त्याच्या पुढे जायचं नाही."

ढेपा आकड्याच्या आतच होत्या. मी दोनदा मोजल्या.

मग मी पट्टी बघितली. ती लोंबत होती. गुळाचा चिकट वास, माश्या, खाली फुटलेल्या ढेपा आणि त्यात काँक्रीटचे तुकडे. पट्टी उलटी करून पाठ बघितली. चिकटवलेलं अगदी सर्वत्र सारखं होतं, कुठे पोकळी नाही. आणि पाठीला बोटाच्या पेराएवढी जाड साल. तशीच साल मी सातव्या बीमच्या पट्टीला बघितली होती. मालक म्हणाले, "पाणी आणू का?" मी नको म्हणून बाहेर आले.

खाली दबलेले हमाल किसनतात्या ससून रोडवरच्या एका रुग्णालयात होते. कंबरेचं हाड आणि उजवी मांडी. अहवालासाठी विचारायचं म्हणून मी गेले. त्यांच्या पत्नी पायथ्याशी बसल्या होत्या.

मी विचारलं, "तात्या, आधी काही आवाज आला होता का? कुरकुर, माती पडणं?"

"न्हाई. ढेप खांद्यावर हुती. मग एकदम खालीच."

"बीम वाकलेला वगैरे दिसला होता का? भेगा?"

"रोज बगतो की मी वर. तीस वरसं त्याच्याखाली काम करतोय, बगायला नको व्हय? आदल्या दिशी बी बगितला. सरळ हुता. भेग असती तर मी आत पाऊल घातलं नसतं, बाई."

माझ्या विषयाचा पहिला तास हा माणूस मला सांगत होता. तो नियमाने वर बघत आला होता. मीच त्याला बघण्यासारखं काही ठेवलं नव्हतं.

त्यांच्या पत्नीने विचारलं, "तुमी सरकारच्या का?"

"नाही. कॉलेजात शिकवते."

"मग तुमास्नी कळंल काय झालं ते. आमाला कुनीच सांगंना. सगळी म्हनत्यात, चौकशी चालू हाय."

मी म्हणाले, "हो. चालू आहे." आणि बाहेर आले.

घरी येऊन मी अहवाल लिहायला घेतला आणि लिहिलं: पट्टी चिकटवण्याच्या कामात दोष राहिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वाक्य पक्कं होतं. शक्यता कशाचीच नाकारता येत नाही. या वाक्याने सचिनचा परवाना जाणार होता आणि माझा निबंध तसाच राहणार होता. चार दिवस ते वाक्य माझ्या टेबलावर होतं. मी ते खोडलं नाही. शिकवायला गेले, मुलांच्या वह्या तपासल्या, घरच्यांशी भाजीबद्दल बोलले. आज ते आठवलं की माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी सचिन केबिनमध्ये आला. दाढी वाढलेली. बसला नाही.

"मॅडम, तुम्ही चौकशीला आहात, मी यायला नको होतं. पण एकच विचारतो. चिकटवायचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं. घासून, पुसून, ठोकून बघून. चूक कुठे झाली तेवढं सांगा. उरलेल्या ठिकाणी दुरुस्त करता येईल."

"उरलेल्या?"

"अजून तीन ठिकाणी केलंय ना. दोन गोदामं आणि लोणी काळभोरला होस्टेलची मेस. मेसच्या वर टाकी वाढवली होती, म्हणून."

मी घड्याळ बघितलं. साडेबारा होऊन गेले होते. म्हणजे जेवणाची वेळ.

मी म्हणाले, "सचिन, चूक तुझी नाही. सूत्र चुकीचं आहे. जुन्या काँक्रीटला ते लागू पडत नाही. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"छापायच्या आधीपासून."

मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने खिशातून फोन काढला आणि मेसच्या व्यवस्थापकांना लावला. "अण्णा, मुलं जेवतायत? उठवा. हो, ताटावरून उठवा. कारण नंतर सांगतो. नाही, वाढून झालं असेल तरी. वरच्या टाकीचं पाणी सोडून द्या सगळं. मी निघालो." मग दोन्ही गोदामांना फोन, तेच. बोलताना त्याने मला पाठ केली होती.

त्याच्या गाडीत आम्ही तिघं निघालो. इनामदारांना मी फक्त "चला" म्हटलं होतं. त्यांनी छोटा हातोडा घेतला आणि कुठे ते विचारलं नाही. हडपसर गेलं. मग सचिन म्हणाला, "आमच्या बॅचचे बरेच जण वापरतात हे. मी पाठ केलंय, मॅडम. पुस्तक उघडावं लागत नाही." एवढंच.

मुलं पार्किंगमध्ये ताटं घेऊन उभी होती. त्यातल्या एकाने दुसऱ्याला विचारलं, "काय scene आहे रे?" व्यवस्थापक अण्णा चिडलेले. "मॅडम, आत्तापर्यंत काय झालं नाय, आजच काय? वीस मिनटं थांबला असता तर पंगत उठली असती."

इनामदार शिडीवर चढले आणि पट्टीवर हातोड्याने हळू ठोकत गेले. चिकटलेली पट्टी टणक बोलते, सुटलेली पोकळ. पहिला बीम टणक. दुसरा टणक. तिसऱ्याला मधोमध आल्यावर आवाज बदलला. त्यांनी पुन्हा ठोकलं. खाली उभ्या अण्णांनाही तो फरक कळला, कारण ते दोन पावलं मागे सरले. सहापैकी दोन बीम पोकळ बोलले. वाकलेला एकही नव्हता. भेग एकालाही नव्हती.

इनामदार खाली उतरले. हातोडा पुसत म्हणाले, "हे पण सातवेच, मॅडम." इतक्या वर्षांत त्या गोष्टीबद्दल ते पहिल्यांदा बोलले.

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"पल्लवी बोलली होती की. तुम्ही शिकलेल्या दोघी. मी काय बोलणार?"

संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू आले. दोन्ही गोदामं त्याच आठवड्यात रिकामी करून तिथेही टेकू लावले. मार्केट यार्डाच्या चौकशीतून मी बाहेर पडले आणि का ते लेखी दिलं. किसनतात्यांच्या पत्नींना रुग्णालयात जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हंजी तुमाला ठावं हुतं." मी हो म्हणाले. त्या उठून आत गेल्या. मी व्हरांड्यात उभी राहिले, पण त्या परत आल्या नाहीत.

सूत्र ज्यांनी ज्यांनी वापरलं त्यांच्यापर्यंत पोचायचा एकच मार्ग होता: ज्या नियतकालिकाने निबंध छापला, त्यांना पत्र लिहून तो मागे घेणं. त्याआधी पल्लवीला सांगणं भाग होतं. तिची नोकरी त्या निबंधावर मिळालेली. नाव पहिलं तिचं. मी फोन करून सगळं सांगितलं. मार्केट यार्ड, मेस, सगळं.

शेवटी मी विचारलं, "पत्र पाठवू का? तुझी हरकत असेल तर..."

"तेव्हा तुम्ही मला विचारलं नव्हतं, मॅडम. आता कशाला विचारता?"

"तुझंही नुकसान आहे यात."

"ते मला समजते." मागे कुणी तरी वर्ग घेत असल्याचा आवाज येत होता. "त्या माणसाचा पाय?"

"चालतील असं डॉक्टर म्हणतात. ओझं उचलता येणार नाही."

मग म्हणाली, "मसुदा पाठवा. सही दोघींची लागेल."

मी त्याच दिवशी मसुदा पाठवला. पानभराचं इंग्रजी पत्र. जपून लिहिलं होतं, चार वेळा वाचलं होतं आणि मला ते प्रामाणिक वाटलं होतं. जुन्या बीमचे आकडे दिले होते, नंबर बदलल्याचं कबूल केलं होतं, सूत्र वापरू नये असं स्पष्ट म्हटलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, मराठीत असं: सातव्या बीमची नोंद अनवधानाने वगळली गेली.

सकाळी मसुदा परत आला. तिने तो छापून, हाताने दुरुस्त करून, फोटो काढून पाठवला होता. खाली तिची सही होती. सबंध पानात एकच दुरुस्ती. 'अनवधानाने' या शब्दावर तिने आडवी रेघ मारली होती, आणि 'वगळली गेली'च्या जागी लिहिलं होतं: आम्ही वगळली.

पत्र माझ्या हातचं होतं; तिथे 'मी' असं लिहून, सगळं माझ्यावर टाकून ती मोकळी होऊ शकली असती. तिने 'आम्ही' लिहिलं. मी तिच्या सहीखाली सही केली आणि पत्र पाठवलं.